नावाचा पत्ता काढा आणि सांगा, नजर आधी कुठे जाते?

निवळी (शुक्रवार, रात्री ९.१२)
मंडळी, उद्या सुट्टी आहे, एक खेळ मांडते. आपापल्या आयडीतून टॅरोचा, म्हणजे ज्यांवरून लोक भविष्य सांगतात त्या चित्रांच्या पत्त्यांतला, एक पत्ता काढायचा. इंग्रजी स्पेलिंगवरून काढायच्या रीती नेटवर ढीगभर आहेत, पण आपले आयडी देवनागरीत, मग ते रोमन करून आकडे कशाला जुळवत बसायचं? म्हणून अक्षरांना आकडे देणारी आपली जुनी कटपयादी घेतलीय. क ते झ १ ते ९, ञ शून्य. ट ते ध परत १ ते ९ आणि न शून्य. प फ ब भ म १ ते ५. य र ल व श ष स ह १ ते ८. ळ ला केरळात ९ धरतात, आपणही तेच धरू. काना मात्रा अनुस्वार मोजायचे नाहीत, सुटा स्वर म्हणजे शून्य, जोडाक्षरात फक्त शेवटचं व्यंजन. बेरीज २१ च्या वर गेली तर तिच्या आकड्यांची परत बेरीज. येईल तो तुमचा पत्ता, टॅरोच्या ७८ पत्त्यांतल्या मुख्य बावीसांपैकी, ० फूलपासून २१ वर्ल्डपर्यंत.

आता महत्त्वाचं. पत्त्याचा अर्थ कुठूनतरी आणून इथे चिकटवायचा नाही. चित्र उघडा (१९०९ सालचा रायडर-वेटचा संच घ्या, सगळ्यांना सहज सापडेल) आणि नजर पहिल्यांदा कुठे गेली आणि का गेली एवढंच लिहा. भविष्य कोणी सांगणार नाही, कोणी विचारूही नका. माझा पत्ता मी शेवटी सांगेन.

टकाटक (९.१९)
१+१+१+१ = ४. एम्परर!! दंडवत घाला सगळ्यांनी. नजर थेट दाढीवर गेली.

खर्डा (९.२४)
ख २, र २, ड ३, एकूण ७. चॅरियट. रथ आला रे आपला. कोल्हापूरकराला रथच शोभतो. नजर गेली लगामाकडे, म्हणजे लगाम शोधायला गेली, तर लगामच नाहीये! पुढे दोन स्फिंक्स, एक काळा एक पांढरा, आणि हा गडी नुसता काठी धरून उभा. बैलगाडी शर्यत पाहिलेल्या माणसाला हे बघवत नाही हो, कासरा हातात नसताना गाडीवर उभं राहायचं म्हणजे काय!

निवळी (९.२७)
खर्डा, र्डा हे जोडाक्षर, त्यात फक्त ड मोजायचा. २+३ = ५, हायरोफंट.

खर्डा (९.२८)
गेला रथ :( पण लगामाचं मी बोललो ते राहू दे.

निवळी (९.२९)
ते राहू दे काय, त्याच्यासाठीच तर धागा काढलाय.

ओंजळ (९.४१)
ओ शून्य, ज ८, ळ ९. १७ म्हणजे स्टार. उघडलं आणि पोटात धस्स झालं. मी लातूरची आहे. त्या बाईच्या दोन्ही हातांत पाण्याच्या घागरी आहेत, एक ती तळ्यात ओततेय आणि दुसरी सरळ जमिनीवर. वरचे आठ तारे वगैरे नंतर दिसले, आधी नजर गेली ती जमिनीवर सांडणाऱ्या पाण्यावर आणि तोंडातून निघालं, अगं सांडतंय! २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं आमच्याकडे, तेव्हा मी बारावीच्या वर्षाला होते. घरात एक निळा ड्रम होता, त्यावर आईने खडूने रेघा मारल्या होत्या, आजची रेघ ही, उद्याची ही. रेघेच्या खाली पाणी गेलं तर ओरडा बसायचा. भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं संडासाला. अजून पुण्यात होस्टेलवर कोणी नळ सोडून दात घासायला लागलं तर मी जाऊन बंद करून येते.

पण चित्र थोडा वेळ तसंच उघडं ठेवलं. ती जमिनीवर ओततेय तिथे पाण्याचे ओघळ होऊन वाहतायत आणि आजूबाजूला हिरवं उगवलंय. म्हणजे वाया जात नाहीये ते. हे मला दुसऱ्यांदा बघितल्यावर दिसलं.

मीठभाकर (९.४७)
ओंजळ, अंगावर काटा आला. आणि योगायोग बघ, नाव ओंजळ आणि पत्ता पाणी ओतणारीचा.

चांदणं (९.५२)
ओंजळला पाणी आणि मला काय आलं असेल? ६+८+५ = १९. सन! चांदण्याला सूर्य!! मी लिऑनमध्ये आहे, इथे सहा वाजलेत संध्याकाळचे. नजर गेली भिंतीवर. मागे दगडी भिंत आहे, तिच्यावरून सूर्यफुलं डोकावतायत, आणि सूर्य वर आकाशात असून फुलांची तोंडं मात्र त्या घोड्यावरच्या बाळाकडे वळलेली.

सातबारा (१०.०५)
७+६+३+२ = १८, मून. चांदण्याचा पत्ता मला आला, माझं काय ते ऊन तिकडे घेऊन जा.
बार्शीकडे आमची सहा एकर आहे. चित्रात चंद्राखाली एक कुत्रा आणि एक लांडगा वर तोंड करून भुंकतायत, खाली पाण्यातून खेकड्यासारखं काहीतरी वर येतंय. शेतीला रात्रीची लाईट असते तेव्हा मोटर चालू करायला दोन वाजता जावं लागतं, चांदणं असेल तर बॅटरी लावत नाही मी, डोळे सरावतात. आणि तेव्हा अस्संच दिसतं सगळं. समोर दोन डोळे चमकले तर आपला खंड्या की दुसरं काही, ते जवळ येईपर्यंत कळत नाही. नजर गेली ती त्या वाटेवर. कुत्रा आणि लांडगा दोघांच्या मधून एक पिवळी वाट निघालीय, पार डोंगरापर्यंत. वाट म्हणू की बांध म्हणू? आमचा बांधाचा वाद नऊ वर्षं चालला होता चुलत्यांशी, मोजणी दोनदा झाली, दोन्ही वेळा खुणेचे दगड हलले. आता मिटलंय. तरी बांधावरून चालताना अजून मी मधोमध चालतो, एक पाऊल इकडे नाही एक तिकडे नाही.

हिशेबनीस (१०.१८)
धाग्याचा रसभंग करायचा नाहीये, पण काही गोष्टी स्पष्ट असाव्यात. टॅरो हे मुळात भविष्याचं साधन नव्हतंच. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत, मिलान-फेरारा भागात, हा पत्त्यांचा डाव म्हणून सुरू झाला. भविष्य सांगणं आलं अठराव्या शतकाच्या शेवटी फ्रान्समध्ये. १७८१ साली कूर द जेबलँ या गृहस्थांनी लिहिलं की हे प्राचीन इजिप्तचं गुप्त ज्ञान आहे. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती, ती शांपोल्यॉंने उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे वाचता न येणाऱ्या लिपीचा हवाला दिला गेला आणि लोकांनी तो दीडशे-दोनशे वर्षं मानला.

दुसरं, ही बेरजेची पद्धत निःपक्षपाती नाही. २२ ते ३८ मधली कुठलीही बेरीज घ्या, दुसऱ्या बेरजेत ती ११ च्या वर जात नाही. म्हणजे ३ ते ११ हे पत्ते भरपूर येणार, त्यापुढचे बहुधा थेट आले तरच. शून्य यायला नावात फक्त न, ञ आणि सुटे स्वर हवेत. आणि १ तर जवळपास अशक्य, सगळं नाव मिळून एकच एक यायला हवा. माझा स्वतःचा ८+५+३+०+७ = २३, म्हणजे ५, हायरोफंट. खर्डा यांच्याबरोबर.

खर्डा (१०.२०)
या साहेब, बसा शेजारी. हायरोफंटच्या पायाशी दोन शिष्य आहेतच, एक तुम्ही एक मी.

निवळी (१०.२४)
हिशेबनीस, रसभंग कसला, हे हवंच होतं. गंमत अशी की पत्ते इजिप्तहून आले हे एका अर्थी खरंच आहे, फक्त फेअरोंच्या नाही, मध्ययुगात तिथे राज्य करणाऱ्या मामलुकांच्या. १३७० च्या दशकात युरोपात पत्ते पोचले ते मामलुकांकडून असं मानतात. त्यांचा एक सुंदर संच इस्तंबूलच्या तोपकापी महालात आहे, त्यात पेले, नाणी, तलवारी आणि पोलोच्या काठ्या. युरोपात पोलो कोणाला माहीत नव्हता, मग काठ्यांचे झाले दंडुके, आणि तेच आजच्या टॅरोतले वाँड्स, म्हणजे काठ्यांचे पत्ते. पण साहेब, नजर कुठे गेली ते नाही सांगितलंत.

हिशेबनीस (१०.३१)
किल्ल्यांवर. पायाशी दोन किल्ल्या आडव्या ठेवल्यात, एकमेकींवर. बत्तीस वर्षं एका पतपेढीत होतो. तिजोरीला दोन किल्ल्या असतात, एक मॅनेजरकडे एक कॅशियरकडे, दोन्ही लागल्याशिवाय उघडत नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, सकाळी निघताना हात अजून खिशाकडे जातो.

नाना (१०.४४)
मुलीने हे ॲप घालून दिलं आहे, मी वाचतो, लिहित नाही फारसं. माझं दोन्ही अक्षरं न. म्हणजे शून्य. शून्याला फूल लिहिलं आहे म्हणून मी चित्रात फूल शोधलं तर खरंच त्याच्या हातात पांढरं फूल आहे. नंतर नातीने सांगितलं की फूल म्हणजे इंग्रजीतला फूल. असो. मला फूलच आवडलं.

मी एसटीत चालक होतो, महाड भोर वरंधा घाटात पुष्कळ वर्षं. त्यामुळे माझी नजर त्या पोराच्या पुढच्या पायावर गेली. कड्याच्या टोकावर आहे आणि मान वर. गाठोडं काठीला अडकवून चालला आहे. ड्रायव्हरने पाहिलं तर पहिलं ब्रेककडे पाय जाईल. मग त्याच्या पायाशी पांढरा कुत्रा दिसला, उड्या मारतोय. लोक म्हणत असतील खेळतोय. मला वाटतं तो सांगतोय. घाटात समोरून गाडी आली की मागे घ्यावी लागे, तेव्हा आमचे कंडक्टर खाली उतरून पत्र्यावर तळहाताने थापा मारत, येऊ द्या येऊ द्या, आणि थाप थांबली की मी जागेवर थांबत असे. आरशात दिसत नव्हतं धुक्यात, त्या थापेवर गाडी असे आणि मागे पन्नास माणसं. ते आता नाहीत, दोन वर्षांपूर्वी गेले. तो कुत्रा बघून त्यांची आठवण झाली, यात त्यांना कमी लेखलं नाही, उलट.

गवतीचहा (१०.४६)
नाना __/\__

शेवंती (१०.४७)
नाना, लिहीत जा हो तुम्ही.

चांदणं (१०.५३)
नाना, तुमच्या शून्याची एक मजा सांगते. इथे फ्रान्समध्ये टॅरो अजून खेळतात, पैज लावून भांडून खेळतात, भविष्याचा संबंध नाही. आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत रोज डाव पडतो. ७८ पत्ते, त्यातले २१ हुकूम, आणि एक वेगळा पत्ता, त्याचं नाव एक्स्क्यूज. तोच तुमचा फूल. तो कधीही टाकता येतो, समोर कुठल्याही रंगाची उतारी असो, हुकूम असो. हात जिंकत नाही तो, पण बहुतेक वेळा हरतही नाही, आपला आपल्याकडे परत येतो, फक्त शेवटच्या हातापर्यंत धरून बसायचा नाही. मी नवीन होते तेव्हा भाषा येत नव्हती, कोणाशी बोलणं नाही, डब्यातली पोळी खात बाजूला बसायचे. एकदा चौथा भिडू कमी पडला म्हणून मला ओढलं. पहिल्याच डावात एक्स्क्यूज आला हातात आणि शेजारची बाई म्हणाली, भिऊ नको, हा कधीही चालतो.

कोकमसार (११.०२)
पत्त्यांच्या खेळाचं निघालंच आहे तर आमच्या सावंतवाडीच्या गंजिफाला कसं विसरता! गोल पत्ते, लाखेच्या रंगांचे, हाताने रंगवलेले. दशावतारी गंजिफा १२० पत्त्यांचा, दहा अवतार गुणिले बारा, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा. माशापासून कल्कीपर्यंत. आणि सगळ्यात सुंदर नियम: दिवसा डाव मांडला तर रामाचा राजा ज्याच्याकडे त्याची पहिली उतारी, रात्री मांडला तर कृष्णाचा राजा ज्याच्याकडे त्याची. कला पार विझत आली होती, १९७० च्या दशकात राजेसाहेब शिवरामराजे आणि राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून पुन्हा उभी केली. अजून राजवाड्यात गेलात तर रंगवताना बघायला मिळतं. मी लहानपणी तासन्‌तास बघत उभा राहिलोय, एका केसाच्या जाडीची रेघ ओढताना तो माणूस श्वास थांबवायचा आणि मीही थांबवायचो.

हां, माझा पत्ता. १+१+५+७+२ = १६, टॉवर. वीज पडलीय, दोन माणसं खाली येतायत, पण माझी नजर गेली वरच्या मुकुटावर. मनोऱ्याचं डोकं मुकुटासारखं आहे आणि ते अख्खंच उडालंय. मे २०२१ च्या तौक्ते वादळात आमच्या घराची आढ्यावरची कौलं पहिली गेली. सगळ्यात उंच तीच ना. आम्ही माजघरात बसलेलो आणि वर एक एक कौल सुटल्याचा आवाज, खळ्, खळ्. आजी मोजत होती. हो, मोजत होती! सकाळी म्हणाली एक्केचाळीस गेली, आणि अंगणात तुकडे जुळवले तर दोन-तीनचाच फरक.

पडवी (११.१५)
आजीवरून सुचलं म्हणून नात्यांची बेरीज करून बघितली, करा तुम्हीपण. आजी = ० + ८ = ८ म्हणजे स्ट्रेंग्थ, सिंहाचं तोंड हाताने मिटवणारी बाई. पटलं का नाही? आजोबा = ०+८+३ = ११, जस्टिस. काकू = २, हाय प्रीस्टेस, दोन खांबांच्या मधे पडद्यासमोर बसलेली, आमच्या वाड्यातली सगळी खबर काकूकडेच असायची. दादा = ८+८ = १६, टॉवर, यावर मी काही बोलत नाही तो हा धागा वाचतो.

आणि अजून एक, मार्सेयसारख्या जुन्या फ्रेंच पत्त्यांत ८ वर जस्टिस आणि ११ वर स्ट्रेंग्थ होती. राशींशी मेळ बसावा म्हणून आपल्या संचाच्या वेटने त्यांची अदलाबदल केली. म्हणजे जुन्या हिशेबाने आजी न्यायाधीश आणि आजोबा बळ. आमच्या घरी जुना हिशेब चालायचा.

माझा पण ८ च आहे, १+३+४. नजर सिंहाच्या शेपटीवर गेली. दोन पायांत घातलीय त्याने, अस्सल मांजर.

रानमेवा (११.२०)
पडवी, मी ११. म्हणजे जुन्या पत्त्यांत तू मी आणि मी तू. जस्टिसमध्ये माझी नजर डोळ्यांवर गेली. पट्टी नाहीये! कोर्टातल्या न्यायदेवतेला सिनेमात नेहमी पट्टी बघितली, इथे ती सरळ आपल्याकडे बघते. मी शाळेत शिकवते, पेपर तपासताना नाव झाकून तपासायची सवय लावून घेतली होती, कोणाला झुकतं माप नको म्हणून. पण एक मुलगा परीक्षेच्या आदल्या आठवड्यात ऊसतोडीवरून परतलेला, अक्षर ओळखू आलं, झाकलेलं नाव उघडलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला बसवून तोंडी घेतली. सगळं येत होतं त्याला. तेव्हापासून मी नावं झाकत नाही.

बेळगावकर (११.२६)
माझे २२ येतात हो. ३+९+३+४+१+२. नियमाने ४ एम्परर, पण कुठेतरी वाचलंय की २२ म्हणजे फूल धरायचा, कारण मुख्य पत्ते एकूण २२ आणि शून्याला शेवटीही बसवतात. कोणतं खरं?

टकाटक (११.२७)
एम्पररची जागा भरलेली आहे. तुम्ही नानांच्या शेजारी बसा.

बेळगावकर (११.२९)
आनंदाने बसतो. बाकी वटवाघूळ आयडी कोणी घेतला तर त्याचेही २२ च येतात, मी करून बघितलं. उलटं लटकणाऱ्याला हँग्ड मॅन नाही मिळत.

कंदील (११.४०)
हँग्ड मॅन इथे आहे. १+८+३ = १२. हर्मिटच्या हातात कंदील असतो म्हणून मला वाटलं होतं ९ येईल, पण कंदील खुंटीला टांगलेलाच असतो हे कसं विसरलो!

दहा वर्षांपूर्वी बाईकवरून पडून मांडीचं हाड मोडलं. दीड महिना पाय वर, दोरीला वजन लावलेलं, मी पाठीवर. म्हणून माझी नजर त्याच्या चेहऱ्यावर गेली. एका पायावर उलटा लटकलाय, डोक्याभोवती पिवळं तेज आहे आणि चेहऱ्यावर काहीही त्रास नाही. आधी रागच आला, याला दुखत नाही? मग आठवलं, माझं पण सुरुवातीचे पंधरा दिवसच चिडचिडीत गेले होते. नंतर छतावरच्या पालीचं वेळापत्रक पाठ झालं. संध्याकाळी ट्यूबच्या उजव्या बाजूला यायची, पहाटे खिडकीच्या चौकटीत. बायको पहिल्यांदा तेव्हाच मला रोज संध्याकाळी दिवसभराचं सांगायला लागली, मी कुठे जाऊ शकत नव्हतो ना. ती सवय राहिली. रोज सांगते अजून.

शेवंती (११.५२)
कंदील, किती छान लिहिलंत. माझा ५+४+६ = १५, डेव्हिल. बघायचीच इच्छा नव्हती, शिंगं बिंगं. पण नियम म्हणून उघडलं आणि नजर गेली साखळ्यांवर. खाली एक बाई एक पुरुष, गळ्यात साखळी. पण ती साखळी इतकी सैल आहे की डोक्यावरून काढता येईल. काढत का नाहीत मग?
मी अकरा वर्षं डबे देते, चाळीस डबे, सकाळ-संध्याकाळ. अकरा वर्षांत एकही खाडा नाही, माहेरचं लग्न सोडलं, भाचीचं बारसं सोडलं, कारण डबा चुकला तर गिऱ्हाईक तुटेल. गेल्या श्रावणात ताप आला, उठताच येईना, मुलाने सगळ्यांना मेसेज केला. दुसऱ्या दिवशी एकोणचाळीस जणांनी 'ताई बऱ्या व्हा' लिहिलं. चाळिसावे आजोबा स्वतः पेज घेऊन दारात आले, चालायला काठी लागते त्यांना. आता महिन्यातून दोन रविवार बंद ठेवते. चित्रातल्या बाईला सांगावंसं वाटलं.

मीठभाकर (१२.०१)
५+२+४+१+२ = १४, टेम्परन्स. देवदूताचा एक पाय पाण्यात एक जमिनीवर, दोन पेल्यांत पाणी खालीवर. नजर धारेवर, तिरकी आहे, अशी धार पडूच शकत नाही. चहा गार करायला आम्ही असंच करतो पण सरळ खाली :) झोपतो आता.

गवतीचहा (१२.०९)
९ हर्मिट माझ्याकडे. २७ ची बेरीज. कंदिलाच्या आत तारा आहे, ज्योत नाही, तिथे नजर गेली. पण मला दुसरंच सांगायचंय. प्रत्येक पत्त्यावर कोपऱ्यात एक सापासारखी वळलेली सही आहे, ती कोणाची ते बघत बसले इतका वेळ. ज्या बाईने हे सगळे पत्ते रंगवले तिची, पामेला कोलमन स्मिथ. जन्म १८७८ लंडन, लहानपणाचा काही काळ जमैकात. आपण सगळे म्हणतो रायडर-वेट. रायडर प्रकाशक, वेट लेखक, आणि जिने हाताने चित्रं काढली तिचं नावच नाही! १९०९ मध्ये तिने एका मित्राला कळवलं होतं की खूप मोठं काम झालं आणि पैसे अगदी थोडे मिळाले. १९५१ मध्ये कॉर्नवॉलमध्ये गेली तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. नावाचा खेळ चाललाय तर तिचं नाव आधी घ्यायला हवं होतं आपण.
पामेला = १+५+३ = ९. माझाच पत्ता.

निवळी (१२.१४)
गवतीचहा, खरंय. चूक माझी, पहिल्या पोस्टमध्ये मीच रायडर-वेट लिहिलं. यापुढे स्मिथबाईंचे पत्ते म्हणू. पूर्ण नावाची बेरीज केली, ३० येते, म्हणजे ३, एम्प्रेस. मैत्रिणी तिला पिक्सी म्हणायच्या, त्याचे ८, स्ट्रेंग्थ.

पडवी (१२.१७)
आमच्या आजीच्या पंगतीत. या बाई, बसा.

सातबारा (शनिवार, सकाळी ७.३५)
मोटर बंद करून आलो. सगळ्यांचं वाचलं. निवळीताई, तुमचं राहिलं की.

टकाटक (७.५०)
थांबा मी काढतो. न ०, व ४, ळ ९. तेरा.
ओह.

खर्डा (७.५८)
ळ ला ९ कशाला धरायचा? आपण केरळात राहतो का? ळ म्हणजे ल चाच भाऊ, ३ धरा. ०+४+३ = ७. चॅरियट! ताईला रथ द्या, मी माझा कालचा सोडतो.

ओंजळ (८.०२)
खर्डाला अनुमोदन. माझा स्टार गेला तरी चालेल.

कोकमसार (८.०४)
माझी हरकत नाही. मला ळ च नाही.

चांदणं (८.३०)
मार्सेयच्या जुन्या पत्त्यांत १३ नंबरवर नावच छापलेलं नसतं माहितीये? बाकी सगळ्यांवर नाव असतं, त्याच्यावर फक्त आकडा. आणि फूलवर उलटं, नाव असतं पण आकडा नसतो. सहज आठवलं. तेव्हा निवळी, तू नाव नको घेऊस, नुसतं तेरा म्हण.

नाना (९.१०)
ताई, सावकाश लिहा. घाई नाही.

निवळी (११.४८)
किती गोड आहात रे सगळे. खर्डा, रथ ठेव तू, ळ चे ९ च राहू देत. कटपयादी मी काय उगीच नाही निवडली, इंग्रजी स्पेलिंगने काढला तर मला वेगळाच पत्ता येतो, ह्या पद्धतीने हा आला म्हणून हीच घेतली.

मागच्या वर्षी वडील गेले. त्याच सुमारास एका मैत्रिणीने हे पत्ते दिले होते, आणि मी तेरा नंबर पाकिटातून काढून वेगळा ठेवला होता, कपाटात साड्यांच्या घडीखाली. सहा महिन्यांनी बाहेर काढला. सांगाडा आहे पांढऱ्या घोड्यावर, काळं चिलखत, हातात काळा झेंडा, पण त्या झेंड्यावर पांढरा गुलाब. खाली राजा आडवा पडलाय, मुकुट लांब. एक धर्मगुरू हात जोडून उभा. एक मुलगी गुडघ्यावर, तिने तोंड फिरवलंय. आणि तिच्या शेजारी एक लहान मूल आहे. ते घोड्याकडे बघतंय. सरळ, मान वर करून.

माझी नजर त्या मुलावर गेली आणि तिथेच राहिली. वडिलांना बाहेर ठेवलं होतं त्या सकाळी आम्ही सगळे त्या मुलीसारखे होतो, भिंतीकडे, मोबाईलकडे, चपलांकडे बघत. माझी भाची चार वर्षांची, ती कोणाचं लक्ष नसताना जवळ गेली, उकिडवी बसली, आणि मोठ्याने म्हणाली, आप्पांच्या अंगठ्यांना दोरा का बांधलाय? कोणी उत्तर दिलं नाही. तिला उचलून आत नेलं. आत जाताना मागे वळून ती बघतच होती. मला आज वाटतं मी तिला खाली बसवून सांगायला हवं होतं. ती आता पाच वर्षांची आहे. परवा आली होती तेव्हा पत्ता दाखवला. तिने चित्रातल्या मुलावर बोट ठेवलं आणि विचारलं, ह्याला सांगितलं का कोणी? मग मी सांगितलं. दोरा का बांधतात ते. तिने ऐकलं आणि खेळायला गेली.

शेवंती (११.५५)
काही लिहवत नाहीये. पण वाचलं गं.

हिशेबनीस (दुपारी १२.२०)
निवळी, वडिलांना आप्पा म्हणायचात?

निवळी (१२.२२)
हो. का?

हिशेबनीस (१२.२६)
आ सुटा स्वर, शून्य. प्पा जोडाक्षर, शेवटचा प फक्त, १. एकूण १. काल मी म्हणालो होतो की १ जवळपास अशक्य. मॅजिशियन. चित्र बघा.

निवळी (१.०५)
बघितलं.
आप्पा घड्याळं दुरुस्त करायचे. लक्ष्मी रोडच्या एका बोळात चार बाय पाचची जागा, समोर लाकडी टेबल, काठाला पट्टी ठोकलेली, स्क्रू घरंगळून जाऊ नये म्हणून. टेबलावर चिमटा, भिंग, बेन्झिनची वाटी आणि ज्याचं त्याचं उघडं घड्याळ. चित्रातला माणूस टेबलामागे उभा आहे, टेबलावर पेला, तलवार, काठी, नाणं. एक हात वर, एक खाली.

माझी नजर टेबलाच्या काठावर गेली. पट्टी आहे का बघायला.

नाना (१.३०)
माझं एचएमटी तिथूनच दुरुस्त झालं असेल कदाचित. बोळाच्या तोंडाशी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं का?

निवळी (१.३१)
होतं नाना!!